मुरलीभाऊ आणि माझा एकशे चव्वेचाळीसचा पडदा

मुरलीभाऊ बावणे मॉनिटर विकण्याआधी गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायचे. लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. काउंटरवर दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवलेले असत आणि कंपनीचं नाव दिसू नये म्हणून दोघांच्याही कडांना जुना पेपर चिकटवलेला असे. एक साधा, सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा. दुसरा महागडा, एकशे चव्वेचाळीस वेळा बदलणारा. कोणी "गेमसाठी हाय रिफ्रेशवाला दाखवा" म्हटलं की भाऊ त्याला स्टुलावर बसवायचे, दोन्हींवर एकच गेम लावायचे आणि विचारायचे, "सांग, यातला महागाचा कोनता?" ज्याला ओळखता आला त्याला मॉनिटर मिळे. ज्याला नाही आला त्याला चहा मिळे आणि तो परत जाई.

मला चहा मिळाला. मी तो प्यायले नाही.

तेव्हा नोकरीला लागून मला वर्ष झालं होतं. ऑफिस सुटलं की आम्ही चार-पाच जण ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळायचो. मुलगी म्हणून आधी मला कोणी टीममध्ये घेत नव्हतं. मी त्यांना हरवायला लागले तेव्हा घ्यायला लागले. ती जागा मला टिकवायची होती आणि सगळे म्हणत होते की एकशे चव्वेचाळीसशिवाय आता खेळण्यात अर्थ नाही.

"काय करतं वं बाई तू?" भाऊंनी विचारलं होतं.

"मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे," मी म्हणाले. नाव मागाहून सांगायची मला सवयच होती. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. बाबा सातवी शिकलेले, आमच्या गावाहून, खाप्याहून, रोज कळमेश्वरच्या एका कारखान्यात मशीनवर जायचे. डिग्रीचा मला अभिमान होता, आजही आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं आहे ते पुढचं.

"वा! म्हनजे माह्यापेक्षा तुलेच जास्त समजते. बस, बी.एस्सी.," भाऊ म्हणाले. पन्नाशी उलटलेले, चष्मा कपाळावर, खिशाला पेनच्या जागी पेचकस. मॉनिटरला ते पडदाच म्हणत. "आठवी झाली अन् शाळा सुटली माही. तेव्हापासून टीव्ही उघडून राहिलो. टीव्ही संपले, मंग हे उघडाले लागलो."

दोन्ही पडद्यांवर एक गाडी रस्त्याने धावत होती. मी नीट पाहिलं आणि डावीकडे बोट दाखवलं. "हा. यात सगळं कसं स्पष्ट दिसतंय."

भाऊंनी पेपर उचलला. डावा साठचा होता.

"तू रंग पाहिला," ते म्हणाले. "त्याचा उजेड मीनं मुद्दाम वाढवून ठेवला हाय. मी चाल ओळखाले सांगून राहिलो. माऊस हातात घे अन् ही खिडकी इकडून तिकडं ओढ. डोयाच्या आधी हाताले समजते."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. मी माऊसला हात लावला नाही. तेवढा लावला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, कारण भाऊ मला उत्तरच शिकवत होते.

मग त्यांनी माझ्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड कोणतं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हे कार्ड तुह्या गेममंधी साठ-सत्तर चित्रं काढते सेकंदाले. मशीन जेवढं ढकलन तेवढंच पडद्यावर पडन ना वं! आधी कार्ड बदल, मंग ये. पडदा कुठं पयून नाही जात."

"मला आत्ताच हवाय."

"मंग दुसरीकडून घे. मी नाही देत. सहा महिन्यानं तूच मले शिव्या देशीन."

खरं म्हणजे भाऊ महाग मॉनिटरच्या विरुद्ध नव्हते. माझ्याआधी एक लांब केसांचा मुलगा आला होता, त्याने पडद्याकडे बघता बघता अर्ध्या मिनिटात ओळखलं. त्याला म्हणाले, "तू घे. तुले लागते. तुले न देनं म्हनजे पाप हाय." एका बँकेतल्या साहेबांना मात्र म्हणाले, "साहेब, तुमी क्रिकेटचा गेम खेळता अन् फायली पाहता. कागदावरचा आकडा काय तुमच्या घरी बॅटिंग कराले येते का?" साहेब हसत गेले. मी हसले नाही. मला एवढंच ऐकू आलं होतं की आठवी पास माणूस बी.एस्सी. कॉम्प्युटरला, दोन माणसांच्या देखत, तुला समजत नाही म्हणतोय.

त्याच आठवड्यात मी एका मोठ्या शोरूममधून एकशे चव्वेचाळीसचा मॉनिटर घेतला. तिथे कोणी परीक्षा घेतली नाही. मला मॅडम म्हणाले. घरी आणून जोडला, चालू केला. मोठा, झगझगीत, सुंदर. संध्याकाळी शहरातल्या गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर मी लांबलचक पोस्ट टाकली. वर मथळा: "आठवी पास माणसाकडून मॉनिटर घेऊ नका." खाली दुकानाचं नाव, पत्ता. या माणसाला नवं तंत्रज्ञान समजत नाही, खोट्या परीक्षेचं नाटक करून तो गिऱ्हाइकाचा अपमान करतो. एकशे चव्वेचाळीसवर पहिल्याच मिनिटात वेगळं जग दिसतं, ज्याला दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत. शेवटी लिहिलं की त्याला आपला पडून राहिलेला जुना माल पोरांच्या गळ्यात मारायचा असतो.

हे शेवटचं मी कशावरून लिहिलं? कशावरूनच नाही. मला तर त्याने जुनं-नवं काहीच विकलं नव्हतं. बाकीचं लिहून झाल्यावर मजकूर जरा हलका वाटला, म्हणून घातलं. खाली माझं नाव, नावापुढे डिग्री आणि मॉनिटरशेजारी हसताना माझा फोटो.

पोस्ट गाजली. ग्रुपवर कोणाचं काही चुकलं की त्याला "आठवी पास" म्हणायची पद्धतच पडली. सौरभ म्हणून माझ्या ऑफिसात एक जण होता, आमच्याच टीममधला. तो एक दिवस सांगत आला, "अगं, पोट्टे आता त्याच्या दुकानात जाऊन विचारतात, भाऊ, आठवी पास मॉनिटर आहे का?"

"मग? काय म्हणतो तो?"

"काही नाही. चहा घ्या म्हणतो."

मी हसले. मनापासून हसले. आज सगळ्यात आधी तेच आठवतं. भाऊंचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः कॉलेजची पोरं, आणि ती पोरं आमच्याच ग्रुपवर होती. ती दुकानात जायची बंद होत होती, आणि ते मला कळत होतं.

पाच महिने मी त्या मॉनिटरवर खेळले. जो येईल त्याला दाखवायचे. "बघ, कसं वाहतंय!" येणारेही म्हणायचे, "हो गं, भारीच."

एका रविवारी सकाळी बाबा खाप्याहून तुरीच्या शेंगा घेऊन आले होते. सौरभही आला होता, कारण दुपारी आमची एक मॅच होती. आणि माझं मशीन चालूच होईना. शोरूमला फोन लावला तर म्हणाले, मंगळवारी आणून टाका. मी डोक्याला हात लावून बसले. बाबा खाली उतरले आणि अर्ध्या तासाने एका माणसाला घेऊन वर आले. "पानठेल्यावाल्यानं फोन करून बोलावला. घरी येऊन करून देते म्हने."

दारात मुरलीभाऊ होते. खांद्याला पिशवी.

माझ्याकडे बघून त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "अरे, बी.एस्सी.! तुहं घर हाय काय हे?"

पाच मिनिटांत त्यांनी मशीन उघडलं. वीजपुरवठ्याचा डबा जळाला होता. पिशवीतून दुसरा काढून बसवला, रंगाच्या ब्रशने धूळ झटकली. सौरभ मागे उभा राहून माझ्याकडे डोळे मिचकावत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "भाऊ, तुम्ही हाय रिफ्रेशवाल्यांना परत पाठवता ना? बघा आता. ही इथे पाच महिन्यांपासून एकशे चव्वेचाळीसवर खेळते. काय फरक पडतो ते विचारा तिला."

"हो का," भाऊ म्हणाले.

मशीन चालू झालं. भाऊंनी माऊस हातात घेतला, दोनदा इकडून तिकडे फिरवला आणि थांबले. पुन्हा एकदा फिरवला. मग त्यांनी डिस्प्लेची सेटिंग उघडली. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. तिथे लिहिलेलं होतं: साठ.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॉनिटर एकशे चव्वेचाळीसचा घेतला म्हणजे तो आपोआप तसा चालतोच असं नाही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा एकदा स्वतः निवडावा लागतो. नाहीतर महागाचा मॉनिटरही बिचारा साध्यासारखा साठवरच चालत राहतो. एका मिनिटाचं काम आहे. मी ते केलंच नव्हतं. पाच महिने मी साठवर खेळत होते आणि जगाला वेगळं जग दाखवत होते.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मागे सौरभ उभा होता, ज्याच्या फोनमधून हे दहा मिनिटांत अख्ख्या ग्रुपवर गेलं असतं. त्यांचं गेलेलं नाव तिथल्या तिथे परत आलं असतं. बोट लावून फक्त म्हणायचं होतं, हे पाहा. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "हे एकशे चव्वेचाळीस म्हनजे काय असते गा भाऊ?"

भाऊ थोडे सरकले आणि त्यांच्या पाठीने पडदा झाकला गेला. बोलता बोलता त्यांचा हात चालत होता. "पडद्यावरचं चित्र एका सेकंदात कितीदा नवं होते, त्याचा आकडा हाय तो. जास्तीदा झालं का हालचाल सलग दिसते. सिनेमाची रीळ पाहिली असन ना तुमी, तसं."

"अन् माह्या पोरीच्या पडद्यावर कितीदा होते?"

भाऊंनी शेवटचं बटण दाबलं. पडदा एकदा काळा झाला, परत आला. मग ते बाजूला झाले.

"एकशे चव्वेचाळीस," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय तुमची. ग्रॅज्युएट हाय ना."

बाबांचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना. मी माऊस धरला. बाण पडद्यावरून सरकला आणि माझ्या हाताला समजलं. पाण्यावरून काही निसटावं तसा तो जात होता. पाच महिन्यांत एकदाही असा गेला नव्हता. सौरभ म्हणाला, "काहीतरी वेगळं वाटतंय का?"

"धूळ होती लय," भाऊ म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

त्या दुपारी मी मॅच खेळले. गेममध्ये फरक जेमतेमच होता. माझं कार्ड साठ-सत्तरच चित्रं काढत होतं. भाऊंचं तेही खरं होतं.

आता कोणीही म्हणेल की मी त्याच दिवशी खरं लिहायला हवं होतं. मीही तेच म्हणते. पण मी लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि डोळ्यांपुढे मथळा यायचा: बी.एस्सी. कॉम्प्युटर, आणि सेटिंग बदलता येत नाही. आठवी पास सोडून सगळे मला हसणार. तीन आठवड्यांनी मी ती पोस्ट गुपचूप काढून टाकली आणि स्वतःची समजूत घातली की झालं. ती एव्हाना पोरांच्या फोनमध्ये फोटो होऊन फिरत होती.

शेवटी एका शनिवारी लकडगंजात गेले तेव्हा दुकानासमोर टेम्पो उभा होता. भाऊ खोकी बांधत होते. मला पाहून म्हणाले, "ये. आज चहा नाही हं, शेगडी बी गेली टेम्पोत."

"भाऊ, ते मी लिहिलं होतं."

"मले मालूम हाय. तुहा फोटो होता ना त्याच्यात. दात काढून उभी होती."

"मग त्या दिवशी काहून नाही बोलले? सौरभ होता, सगळ्यांना समजलं असतं."

त्यांनी सुतळीची गाठ मारली, दाताने तोडली. "तुहा बाप मागं उभा होता," ते म्हणाले. "पडद्याकडं नाही, तुह्याकडं पाहून राहिला होता तो. त्याच्या देखत तुले खोटं पाडू? मले बी पोरगी हाय."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना! संत हाव का मी? चार दिवस अन्न गोड नाही लागलं." आता त्यांचा आवाज चढला. "आठवी पास म्हटलं त्याचा नाही आला. हावच मी आठवी पास. पन जुना माल गळ्यात मारतो म्हने? कोनाच्या मारला वं? एक नाव सांग. माही पोरगी फोनवर विचारे, बाबा, खरंच काय? सांगाले लागलं मले, माह्याच पोरीले." त्यांनी खोकं उचलून टेम्पोवाल्याच्या हातात दिलं. "एक काम कर. जुन्या मालाचं ते खोटं होतं, एवढं लिव. जिथं लिवलं होतं तिथंच लिव. बाकी तुहं तुह्यापाशी ठेव. तुह्या साठचं मी कोनाले नाही सांगत."

मी हो म्हणाले. दुकान सोडून ते उमरेडला मुलीकडे राहायला जात होते.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: "काही महिन्यांपूर्वीच्या माझ्या एका पोस्टमधील काही विधाने अपुऱ्या माहितीवर आधारित होती. त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे." त्यात भाऊंचं नाव नाही. दुकानाचं नाव नाही. खोटं हा शब्द नाही. कॉलेजात मी भाषा शिकले ती अशी वापरली. खाली सौरभने विचारलं, "कोणती पोस्ट?" मी उत्तर दिलं नाही.

भाऊंनी एक वाक्य मागितलं होतं, ते मी इथे लिहिते. लकडगंजच्या मुरलीभाऊ बावण्यांनी कोणाच्याही गळ्यात जुना माल मारला नाही. ते मी बनवून लिहिलं. आणि जे माझ्यापाशी ठेवायला सांगितलं होतं तेही लिहिते. माझा मॉनिटर पाच महिने साठवर चालत होता. आजही कोणी मला विचारतं, हाय रिफ्रेशवाला घ्यावा का? मी त्यांना विचारते, खेळता काय, कार्ड कोणतं, आणि माऊस हातात घेऊन पाहिलात का? लोकांना वाटतं मला फार समजतं.

गेल्या महिन्यात बाबा आले ते घरचा टीव्ही गोधडीत गुंडाळून, खाप्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन. चित्र येत होतं, आवाज गेला होता. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "चाल, त्या मुरलीभाऊकडं जाऊ. लय चांगला मानूस हाय तो. गावात सगळ्यायले सांगितलं मी, का माही पोरगी हुशार हाय असं कॉम्प्युटरवाल्यानं सोता म्हटलं."

"दुकान बंद झालं, बाबा."

"काहून?"

मग मी सगळं सांगितलं. पोस्ट, जुना माल, पोरांचं दुकानात जाऊन हसणं, साठ, पाठीने झाकलेला पडदा. बाबा खाली बघत ऐकत होते.

"हे साठ अन् एकशे चव्वेचाळीस मले नाही समजत," ते म्हणाले. "एकच सांग. तो तेव्हा बोलला नाही, ते मी होतो म्हनून?"

"हो."

"मंग मी तिथं नसतो तं त्याचं दुकान राहिलं असतं."

त्यावर मी बरंच बोलले, की चूक माझी, तुमची काय. ते मान हलवत राहिले. मी म्हटलं, सीताबर्डीत दुसरा मेकॅनिक आहे, त्याच्याकडे नेऊ. बाबांनी टीव्हीला पुन्हा गोधडी गुंडाळली, चारही कोपरे नीट खोचले आणि संध्याकाळच्या बसने तो तसाच मुका घेऊन खाप्याला परत गेले.